फास्ट-फूड कंपनीच्या शेअरचं मोल पी/ईवरून कसं काढायचं: भागाकार सगळ्यात शेवटी

"मॅकडोनाल्ड्सचा पी/ई पंचवीस, आणि आपल्याकडे मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या वेस्टलाइफचा नऊशे! मग अमेरिकेतलाच शेअर घेतलेला बरा, नाही का?" तिमाही निकाल लागले की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. आकडे बरोबर असतात, भागाकारही बरोबर असतो. चुकतं ते भागाकाराच्या आधीचं सगळं. पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रति शेअर कमाई; भावाला कमाईनं भागायला दहा सेकंद लागतात. ती कमाई नेमकी किती हे ठरवायला एक अख्खी संध्याकाळ लागते, आणि बहुतेक जण ती संध्याकाळच वाचवतात.

खाली मॅकडोनाल्ड्स कॉर्पोरेशनचे २०२२ ते २०२४ चे वार्षिक आकडे घेऊन पूर्ण रीत करून दाखवली आहे. जिथे भारतातल्या कंपन्यांचे हिशेब वेगळे पडतात तिथे थांबून ते सांगितलं आहे. वर्षं मुद्दाम मागची घेतली आहेत, म्हणजे लक्ष भावावर न राहता रीतीवर राहील. हा शेअर घ्या किंवा विका असं यात कुठेही म्हटलेलं नाही.

## सुरुवातीची जुळवाजुळव

चार गोष्टी समोर असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली, कंपनीचा मूळ वार्षिक अहवाल. अमेरिकेत त्याला टेन-के म्हणतात. किमान पाच वर्षांचे हवेत. दुसरी, वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचं निकालाचं प्रसिद्धीपत्रक. एकवेळचे खर्च किती आणि ते प्रति शेअर किती पडले, हे त्यात सहसा एकाच तक्त्यात मिळतं. तिसरी, एक कोरी एक्सेल शीट. चौथी, तुलनेच्या दोन-तीन कंपन्यांचे असेच कागद.

तयार गुणोत्तरं दाखवणाऱ्या साइट फक्त पडताळणीला वापरा. एक साइट छापील नफा धरते, दुसरी एकवेळचे खर्च वगळते, तिसरी पुढच्या वर्षाचा अंदाज धरते. तिन्ही ठिकाणी शीर्षक मात्र 'पी/ई' एवढंच असतं.

सावधान: भारतीय कंपनी असेल तर 'स्वतंत्र' नाही, उपकंपन्या धरून केलेले 'एकत्रित' हिशेब घ्या. वेस्टलाइफ फूडवर्ल्डची रेस्टॉरंट हार्डकॅसल रेस्टॉरंट्स ही उपकंपनी चालवते. भारतात डॉमिनोज चालवणाऱ्या ज्युबिलंट फूडवर्क्सच्या एकत्रित हिशेबात तुर्कस्तानातला डॉमिनोजचा धंदा येतो. स्वतंत्र आकड्यांवर पी/ई काढलात तर वेस्टलाइफचा जवळजवळ सगळा धंदाच बाहेर राहतो.

## टप्पा १: दुकान कुणाचं आहे ते पाहा

वांद्र्याच्या दुकानातला बर्गर आणि शिकागोतला बर्गर एकाच नावानं विकला जातो, पण त्यावरचा नफा दोन वेगळ्या प्रकारच्या कंपन्यांकडे जातो. हा टप्पा वगळला तर पुढचं सगळं गणित वाया जातं, म्हणून इथे जरा जास्त वेळ काढू.

२०२४ अखेर मॅकडोनाल्ड्सची जगभरात ४३,००० हून अधिक रेस्टॉरंट होती. त्यातली सुमारे ९५ टक्के कंपनी स्वतः चालवत नाहीच, ती फ्रँचायझी, म्हणजे ब्रँडचा परवाना घेतलेले स्वतंत्र मालक, चालवतात. त्या वर्षीचं कंपनीचं उत्पन्न सुमारे २५.९ अब्ज डॉलर. फोड करून पाहा:

- स्वतः चालवलेल्या दुकानांची विक्री सुमारे ९.८ अब्ज. कच्चा माल, पगार, भाडं वजा जाता उरतात साधारण दीड अब्ज, म्हणजे १५ टक्के.
- फ्रँचायझींकडून मिळालेले सुमारे १५.७ अब्ज. त्यात जवळपास १० अब्ज नुसतं भाडं, रॉयल्टी साडेपाच अब्जांच्या आसपास. त्यासमोर जागांचा खर्च अडीच अब्ज. उरतात ८४ टक्के.

म्हणजे ही कंपनी बटाटे तळून कमी आणि घरमालक म्हणून जास्त कमावते. पाव महागला, पोराटोरांचे पगार वाढले तर आधी फ्रँचायझीच्या खिशाला चाट बसते. कंपनीचा हिस्सा विक्रीवर ठरलेला असतो.

वेस्टलाइफ याच्या बरोबर उलट्या बाजूला उभी आहे. पश्चिम आणि दक्षिण भारतातली दुकानं ती स्वतः चालवते, आचारी-मॅनेजरचे पगार देते, मॉलला भाडं देते आणि वर मॅकडोनाल्ड्सला रॉयल्टी देते. आर्थिक वर्ष २०२३ मध्ये तिची विक्री सुमारे २,२८० कोटी आणि निव्वळ नफा ११२ कोटींच्या आसपास होता. आर्थिक वर्ष २०२५ मध्ये विक्री वाढून सुमारे २,४९० कोटी झाली, आणि नफा उरला साधारण १२ कोटी. विक्री वाढली, नफा नव्वद टक्के गेला. दुकान स्वतःचं असलं की खर्चाची घोडी अशी उधळते. जुन्या दुकानांची विक्री खर्चाच्या वेगानं वाढली नाही की भाडं, वीज, पगार हे ठरलेले खर्च नफा खाऊन टाकतात.

आता शेअरचा भाव ७०० रुपये धरला, आणि शेअर साधारण १५.६ कोटी आहेत, तर सगळ्या कंपनीची किंमत होते सुमारे १०,९०० कोटी. त्याला १२ नं भागा: नऊशे. हा आकडा 'महाग' किंवा 'स्वस्त' यातलं काहीच सांगत नाही. तो एवढंच सांगतो की भाजकात जवळजवळ काही शिल्लक राहिलेलं नाही.

अशा वेळी काय करायचं? बऱ्या वर्षाचं नफ्याचं प्रमाण चालू विक्रीला लावायचं. २०२३ मध्ये ते ४.९ टक्के होतं. २,४९० कोटींच्या ४.९ टक्के म्हणजे १२२ कोटी. त्यावर पट, म्हणजे पी/ई, येते साधारण ८९. आता प्रश्नाला आकार आला: कंपनी त्या नफ्यापर्यंत पुन्हा पोचेल का, किती वर्षांत, आणि तोवर ८९ पट मोजायची तुमची तयारी आहे का? उत्तर ज्याचं त्यानं द्यावं, पण नऊशे या आकड्यावर चर्चा करण्यात वेळ घालवू नये.

तपासा: निव्वळ नफा विक्रीच्या दोन टक्क्यांहून कमी असेल तर छापील पी/ई सरळ खोडून टाका.

## टप्पा २: कमाई धुऊन घ्या

मॅकडोनाल्ड्सची तीन वर्षं, आकडे डॉलरमध्ये (ईपीएस म्हणजे प्रति शेअर कमाई; 'छापील' म्हणजे अहवालात दिलेली, 'स्वच्छ' म्हणजे एकवेळचं वगळून):

| वर्ष | वर्षअखेरचा भाव | छापील ईपीएस | छापील पी/ई | एकवेळचं वगळून ईपीएस | स्वच्छ पी/ई |
|---|---|---|---|---|---|
| २०२२ | सु. २६३.५ | ८.३३ | ३१.६ | १०.१० | २६.१ |
| २०२३ | सु. २९६.५ | ११.५६ | २५.६ | ११.९४ | २४.८ |
| २०२४ | सु. २९० | ११.३९ | २५.५ | ११.७२ | २४.७ |

चौथा रकाना वरून खाली वाचा. शेअर ३१ पटीवरून २५ पटीवर आला, खूप स्वस्त झाला, असं वाटतं. शेवटचा रकाना वाचला की कळतं, फारसं काहीच झालेलं नाही.

फरक पडला तो २०२२ मुळे. त्या वर्षी कंपनी रशियातला धंदा विकून बाहेर पडली, त्याचा सुमारे १.३ अब्ज डॉलरचा फटका बसला. फ्रान्समधल्या कराच्या प्रकरणाची तडजोड झाली, त्यात अर्ध्या अब्जाहून थोडे जास्त गेले. उलट बाजूला डायनॅमिक यील्ड ही कंपनी विकून पाव अब्जाच्या वर फायदा झाला. फायदासुद्धा वगळायचा असतो, हे लोक हमखास विसरतात. नुकसान वगळायला सगळे तयार असतात.

आता उलट बाजूची चूक. २०२३ मध्ये पुनर्रचनेचे वगैरे खर्च प्रति शेअर ३८ सेंट, २०२४ मध्ये पुन्हा असेच ३३ सेंट. लागोपाठ दोन वर्षं आलेल्या खर्चाला 'एकवेळचा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दिवाळीचा खर्चही वर्षातून एकदाच येतो, म्हणून काय तो घरखर्चात धरायचा नाही? पुढच्या गणितात मी ११.७२ धरतो, कारण तुलना सोपी जाते. पण त्यातले पंधरा-वीस सेंट उसने आहेत हे शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो.

आणि हे मात्र वगळू नका: ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत क्वार्टर पाउंडर या बर्गरमधल्या कांद्यावरून ई. कोलाय या जंतूची लागण झाली आणि त्या तिमाहीत तिथली समान दुकानांची (म्हणजे नवी सोडून जुन्या दुकानांची) विक्री १.४ टक्क्यांनी घटली. चिपोटले या अमेरिकन रेस्टॉरंटसाखळीवर २०१५ मध्ये असाच प्रसंग आला होता. अन्नाच्या धंद्यात अशी वर्षं येतातच, ती धंद्याचाच भाग आहेत.

भारतीय कंपन्यांत एक जागा आवर्जून बघा: कराची ओळ. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका हॉटेलसाखळीचा शेअर अठरा पटीला 'सापडला' म्हणून घेतला. घरी आल्यावर टीपा वाचल्या, म्हणजे घेण्याआधी वाचल्या नव्हत्या. करपूर्व नफ्यापेक्षा करोत्तर नफा जास्त होता! मागच्या तोट्यांवरची स्थगित कराची मालमत्ता, म्हणजे त्या तोट्यांमुळे पुढे वाचणारा कर, त्या वर्षी हिशेबात घेतली होती, म्हणून कर उणे झाला आणि नफा फुगला. नेहमीचा कर लावून पाहिला तर पट चाळिशीच्या पुढे गेली. तेव्हापासून मी आधी करपूर्व नफा घेतो, त्यातून साधारण २५ टक्के वजा करतो आणि मग छापील नफ्याशी ताडून पाहतो.

तपासा: छापील आणि स्वच्छ ईपीएसमधला फरक पाच टक्क्यांहून जास्त असेल तर प्रत्येक समायोजनासमोर एका ओळीत कारण लिहा. कारण लिहिता आलं नाही तर ते समायोजन काढून टाका.

## टप्पा ३: शेअर किती आहेत ते मोजा

हा टप्पा लहान आहे, पण चूक झाली तर हसू होतं.

चिपोटलेनं जून २०२४ मध्ये एका शेअरचे पन्नास केले. २०२३ चा छापील ईपीएस ४४.३४ डॉलर आणि विभाजनानंतरचा भाव साठीच्या घरात. कुणी हे दोन आकडे एकत्र केले तर पी/ई येतो दीडहून कमी! ज्युबिलंटनं एप्रिल २०२२ मध्ये १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर २ रुपयांचा केला. जुन्या अहवालांतला ईपीएस घेताना पाचनं भागायला हवा.

डायल्युटेड ईपीएसच घ्या, म्हणजे कर्मचाऱ्यांचे पर्यायी शेअरही मोजले जातात. मग निव्वळ नफा आणि ईपीएस यांची वाढ शेजारी-शेजारी ठेवा. मॅकडोनाल्ड्सचा निव्वळ नफा २०२४ मध्ये २.९ टक्के घटला, पण ईपीएस फक्त दीड टक्का, कारण बायबॅकमुळे, म्हणजे कंपनीनं स्वतःचे शेअर परत विकत घेतल्यामुळे, शेअर ७३.२ कोटींवरून ७२.२ कोटींवर आले. बायबॅक वाईट नाही. पण ती बर्गरच्या खपाची वाढ नाही, हे वेगळं दिसायला हवं.

## टप्पा ४: भाडं आणि कर्ज

पी/ईत कर्ज दिसत नाही. मॅकडोनाल्ड्सवर २०२४ अखेर सुमारे ३८.४ अब्ज डॉलरचं कर्ज होतं, हातात रोकड १.१ अब्ज. बायबॅकमुळे भागधारकांचा निधी तर उणे आहे, त्यामुळे पुस्तकी किमतीवरचं गुणोत्तर इथे काढूच नका.

म्हणून दुसरं माप घ्या: ईव्ही भागिले एबिटडा. ईव्ही म्हणजे बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज, एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा.

- बाजारमूल्य: ७२.२ कोटी × २९० = सुमारे २०९ अब्ज
- निव्वळ कर्ज मिळवा: ३७.३ अब्ज. ईव्ही = सुमारे २४६ अब्ज
- एबिटडा: परिचालन नफा ११.७, घसारा २.१, एकवेळचे ०.३ मिळवून = १४.१ अब्ज
- पट: साडेसतरा

हे झालं अमेरिकेचं. आता हाच आकडा वेस्टलाइफ, किंवा इथे केएफसी आणि पिझ्झा हट चालवणाऱ्या देवयानी आणि सफायरच्या शेजारी ठेवायचा मोह होईल. थांबा.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हा भाडेकरारांच्या हिशेबाचा नियम लागू झाला. त्यानंतर दुकानाचं भाडं 'भाडं' म्हणून खर्चात दिसत नाही. त्याचे घसारा आणि व्याज असे दोन तुकडे होतात आणि दोन्ही एबिटडाच्या खाली जातात. अमेरिकन नियमांत दुकानांच्या नेहमीच्या भाडेकरारांचं भाडं एबिटडाच्या वरच राहतं. म्हणजे भारतीय एबिटडा भाडं द्यायच्या आधीचा, अमेरिकन एबिटडा भाडं दिल्यानंतरचा. मॉलमधल्या दुकानाला भाडं द्यावंच लागतं, हे फूड कोर्टात एकदा बसलेल्या माणसालाही कळतं. हिशेबाच्या पानावर मात्र ते गायब होतं.

एका दुकानावर करून पाहू. समजा वर्षाचं भाडं १० लाख, करार १० वर्षांचा, व्याजदर ९ टक्के. या सगळ्या भाड्याची आजची किंमत होते ६४.२ लाख. ती दहा वर्षांत विभागून घसारा दरवर्षी ६.४ लाख. पहिल्या वर्षी व्याज ५.८ लाख. म्हणजे हातातून जातात १० लाख आणि नफ्यातून वजा होतात १२.२ लाख. दहाव्या वर्षी व्याज उरतं ०.८ लाख, वजावट होते ७.२ लाख.

यातून दोन गोष्टी निघतात. एबिटडा दहा लाखांनी फुगलेला आहे, त्यामुळे ईव्ही/एबिटडा खोटाच स्वस्त दिसतो. आणि भराभर दुकानं उघडणाऱ्या कंपनीचा निव्वळ नफा सुरुवातीच्या वर्षांत दबलेला असतो, त्यामुळे पी/ई जरा जास्तच महाग दिसतो. एकच नियम, दोन गुणोत्तरं दोन दिशांना ओढतो.

उपाय कंटाळवाणा आहे पण सोपा आहे. रोकड प्रवाहाच्या पत्रकात भाडेकरार-दायित्वाची फेड आणि त्यावरचं व्याज अशा ओळी असतात. दोन्हींची बेरीज एबिटडातून वजा करा. अनेक कंपन्या गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात 'इंड-एएसपूर्व एबिटडा' स्वतःच देतात. तो मिळाला तर त्याच्याशी ताडून बघा.

सावधान: भाडं वजा केलेला एबिटडा वापरत असाल तर ईव्हीत भाडेकरार-दायित्व मिळवू नका. वजा न केलेला वापरत असाल तर मिळवा. अर्धं इकडचं आणि अर्धं तिकडचं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

## टप्पा ५: तुलनेची पंगत

मॅकडोनाल्ड्सच्या पंगतीला यम ब्रँड्स (केएफसीची मालक), रेस्टॉरंट ब्रँड्स इंटरनॅशनल (बर्गर किंगची मालक), वेंडीज आणि अमेरिकेतली मूळ डॉमिनोज बसतात, कारण या सगळ्यांची बहुतेक दुकानं फ्रँचायझीच चालवतात. चिपोटले बसत नाही. तिची दुकानं तिची स्वतःची आहेत. स्टारबक्स निम्मी इकडे, निम्मी तिकडे.

भारतातली पंगत वेगळी: वेस्टलाइफ, ज्युबिलंट, देवयानी इंटरनॅशनल, सफायर फूड्स आणि बर्गर किंग चालवणारी रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया. या कंपन्या परदेशी ब्रँडचे परवाने घेऊन स्वतः दुकानं चालवतात. नावाच्या गोंधळात पडू नका: रेस्टॉरंट ब्रँड्स इंटरनॅशनल रॉयल्टी घेते, रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया देते.

वर्षही एकच हवं. अमेरिकेचं डिसेंबरला संपतं, आपलं मार्चला. शेवटच्या चार तिमाह्यांची बेरीज दोन्हीकडे घ्या.

भारतीय तिमाही घेताना पंचांग शेजारी ठेवा, थट्टा नाही. श्रावणात चिकन बंद, नवरात्रात उपास. नवरात्र २०२२ मध्ये २६ सप्टेंबरला बसलं, २०२३ मध्ये १५ ऑक्टोबरला. म्हणजे एका वर्षी त्याचे पहिले काही दिवस जुलै-सप्टेंबर तिमाहीत, पुढच्या वर्षी सगळे ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये. शिवाय २०२३ ला अधिक श्रावणही होता. एका तिमाहीची गेल्या वर्षीशी तुलना करून 'खप घसरला' असं ठरवण्याआधी दोन्ही तिमाह्यांची बेरीज करून पाहा.

## टप्पा ६: पट किती लावायची

इथे सूत्र नाही, विवेक आहे. मी तीन आधार घेतो, याच क्रमानं.

आधी कंपनीचा स्वतःचा इतिहास, अर्थात स्वच्छ पी/ईचा. वरच्या तीन वर्षांत तो २४.७ ते २६.१ या अरुंद पट्ट्यात होता.

मग वाढ. वाढीसाठी समान दुकानांची विक्री पाहा. मॅकडोनाल्ड्स त्यात किमान १३ महिने चाललेली दुकानं धरते. जगभरातला हा आकडा २०२२ ला १०.९ टक्के वाढ, २०२३ ला ९ टक्के वाढ आणि २०२४ ला ०.१ टक्के घट असा होता. पहिल्या दोन वर्षांत महागाईमुळे वाढवलेल्या किमतींचा मोठा हात होता. गिऱ्हाईक वाढलं की फक्त बिल वाढलं, हे वेगळं करा. बिल वाढवून आणलेली वाढ एका मर्यादेनंतर गिऱ्हाईक पळवते.

शेवटी पंगतीतल्या इतरांची पट. ती शेवटी, कारण सगळी पंगतच महाग असू शकते.

माझ्या मते वाढ थांबलेल्या वर्षानंतर इतिहासाच्या वरच्या टोकाची पट लावणं धाडसाचं आहे. पुढच्या दोन वर्षांची तीन चित्रं धरून मी मधल्या चित्राला २४ लावतो, वाईटाला २१, चांगल्याला २६. तुमचं मत वेगळं असेल तर असू द्या. फक्त पट आधी लिहा, उत्तर नंतर बघा. उत्तर बघून पट बदलणं म्हणजे आवडलेल्या स्थळाची पत्रिका जुळवून घेणं.

सावधान: पट आणि कमाई एकाच काळाची हवी. मागच्या बारा महिन्यांच्या कमाईवरची पट पुढच्या वर्षाच्या अंदाजित कमाईला लावली तर वाढ दोनदा मोजली जाते.

## टप्पा ७: आता गुणाकार

पाया ११.७२ डॉलर, मुक्काम दोन वर्षांनी, अपेक्षित परतावा वर्षाला ९ टक्के. २०२४ मध्ये लाभांश ६.७८ डॉलर होता. दोन वर्षांचे मिळून १४-१५ धरू, आणि सोपेपणासाठी ते शेवटी एकदम मिळाले असं मानू. तेव्हाचा भाव आणि लाभांश यांच्या बेरजेला १.०९ नं दोनदा भागलं की आजचं मोल येतं.

| चित्र | ईपीएसची वाढ | दोन वर्षांनी ईपीएस | पट | तेव्हाचा भाव | लाभांशासह आजचं मोल |
|---|---|---|---|---|---|
| वाईट | ३ टक्के | १२.४३ | २१ | २६१ | सु. २३२ |
| मधलं | ६ टक्के | १३.१७ | २४ | ३१६ | सु. २७८ |
| चांगलं | ८ टक्के | १३.६७ | २६ | ३५५ | सु. ३११ |

भाव होता २९०. म्हणजे मधल्या मोलापेक्षा किंचित वर, पट्ट्याच्या आत. लूटही नाही आणि फसवणूकही नाही. असं कंटाळवाणं उत्तर आलं म्हणून निराश होऊ नका. मोठ्या, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या कंपनीत बहुतेक वेळा असंच येतं.

'मोल २७८.४६' असं लिहू नका. पटीत एकाचा फरक पडला तर दोन वर्षांनंतरचा भाव तेरा डॉलरनं हलतो. अशा मापात दशांश चिन्हापुढचे आकडे शोभेचे.

## टप्पा ८: उलटा हिशेब

भाव खरा धरा आणि त्यात काय गृहीत आहे ते शोधा. २९० ला लाभांश पडतो सुमारे २.३ टक्के. पट तशीच राहिली आणि तुम्हाला ९ टक्के हवे असतील तर उरलेले ६.७ टक्के ईपीएसच्या वाढीतून यायला हवेत, तेही दरवर्षी. स्वच्छ ईपीएस १०.१० वरून ११.७२ वर दोन वर्षांत गेला, म्हणजे वर्षाला ७.७ टक्के. पण ती सगळी वाढ पहिल्या वर्षातली. दुसऱ्या वर्षी १.८ टक्के घट. त्यामुळे ६.७ टक्के अशक्य नाही, आणि हक्कानं मिळेल असंही नाही.

भारतातून घेणाऱ्यांनी दोन वजावटी आठवाव्यात. अमेरिकन लाभांशावर तिथेच २५ टक्के कर कापला जातो, त्यामुळे २.३ चे हातात पावणेदोन पडतात. आपल्या विवरणपत्रात त्याचं क्रेडिट मागता येतं. आणि परतावा शेवटी रुपयांत मोजायचा आहे. डॉलर महागल्याचा फायदा कंपनीच्या खात्यात जमा करू नका.

## पुन्हा कधी करायचं

भाव रोज हलतो म्हणून शीट रोज उघडायची गरज नाही. मी तीन प्रसंगी उघडतो. समान दुकानांची विक्री लागोपाठ दोन तिमाह्या माझ्या मधल्या चित्राच्या खाली आली तर. स्वतःची दुकानं आणि फ्रँचायझी यांचं प्रमाण बदललं तर, कारण मग टप्पा १ पासूनच सुरुवात करावी लागते. आणि तिसऱ्या वर्षीही 'एकवेळचा' खर्च दिसला तर. मग तो ईपीएसमधून कायमचा वजा करतो आणि कोपऱ्यातली उसन्या सेंटांची नोंद खोडतो.